शुगर ‘बॉर्डरलाइन’ आलीय? मग या चुका टाळा

माझ्या थोरल्या भावाची उपाशीपोटी शुगर 118 आली तेव्हा घरात सगळ्यांनी, मीपण, एकच म्हणलं, डायबेटिस नाही ना, मग झालं. तासगावात त्याचं बेदाण्याचं काम, सीझनला ना जेवणाला वेळ ना झोपेला. दोन वर्षांनी जिना चढताना छातीत भरून आलं, मिरजेला नेऊन स्टेंट टाकला, आणि तेव्हासुद्धा शुगर 126 च्या आतच होती.

पहिली चूक ही. उपाशीपोटी 100 ते 125 किंवा एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) 5.7 ते 6.4 म्हणजे प्रीडायबेटिस, म्हणजे डायबेटिसच्या आधीची पायरी, उपाशीपोटी 126 पासून पुढं डायबेटिस. पण हृदय त्या 126 ची वाट बघत बसत नाही. इन्शुलिन नीट लागू पडेना झालं की ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, वाढतात, चांगलं कोलेस्टेरॉल उतरतं, बीपी हळूहळू वर सरकतं, आणि हे बऱ्याचदा शुगर ‘बॉर्डरलाइन’ असतानाच सुरू झालेलं असतं. म्हणून नुसती शुगर बघून थांबू नका, लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल-चरबीची रक्ततपासणी) आणि बीपी पण बघा, आणि कंबर मोजा. पुरुषांना 90 सेंटीमीटर, बायकांना 80, त्याच्या वर नको. पँटचा नंबर धरू नका हं, पँट आपण पोटाच्या खाली घालतो.

दुसरं, साखर सोडली म्हणून गूळ. आपल्या सांगलीत तर हे घरोघरी. आमच्या आईनं चहातली साखर बंद करून गुळाचा खडा सुरू केला आणि दिवसाला चार कप प्यायची. गूळ म्हणजे बराचसा साखरच की! बेदाण्याचंही तेच, 100 ग्रॅममधे साधारण 60 ग्रॅम साखर. उपवासाची साबुदाणा खिचडी पण त्यातच धरा. ज्वारीची भाकरी चांगलीच, पण आधी काकडी-कांदा आणि मटकीची उसळ खा, मग भाकरी, म्हणजे तीनच्या जागी दीडमधे भागतं.

चालायला आमराईत जातो म्हणणारे पुष्कळ आहेत, पण येताना पोहे-जिलेबी खाऊन दिवसभर दुकानात बसून. अमेरिकेतल्या 2002 च्या मोठ्या अभ्यासात आठवड्याला 150 मिनिटं व्यायाम आणि वजन 7 टक्के कमी करायचं टार्गेट दिलं होतं, त्या लोकांत डायबेटिस होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी घटलं, नुसत्या मेटफॉर्मिन या शुगरच्या गोळीनं 31. रात्री जेवून लगेच आडवं होण्याऐवजी पंधरा मिनिटं गल्लीत फिरलं तरी फरक पडतो.

आणि मिश्री. बायका तंबाखूत धरतच नाहीत तिला. तंबाखूच आहे ती.

रिपोर्ट जुळत नसतील तर, म्हणजे उपाशीपोटी 92 आणि एचबीएवनसी 6.2, तर हिमोग्लोबिन बघा. लोह कमी असेल तर एचबीएवनसी खोटंच जास्त दिसू शकतं. तापात किंवा स्टेरॉइड चालू असताना केलेली शुगरपण जास्त येते, मग डॉक्टरांना विचारून बरं झाल्यावर परत करा. बीपी नॉर्मल आलं म्हणून गोळी मात्र मनानं सोडू नका, ते गोळीमुळंच नॉर्मल असतं.

भावानं त्या दिवशी गॅस झालाय म्हणून सोडा पिऊन दोन तास घालवले. छातीत दाब, जबडा किंवा हात दुखणं, गार घाम, एकदम दम लागणं, यातलं काही झालं की सोडा नको, ओवा नको, स्वतः गाडी चालवत जाणं तर अजिबात नको. 108 लावा आणि आधी ईसीजी काढा.