गोचिडी भिंतीत, औषध कुत्र्याला: गोव्यात कुत्री-मांजरं पाळताना या चुका टाळा

मे महिना तापला की गोव्यात कुत्रा पाळणाऱ्या घरांतून एकच तक्रार ऐकू येते: "गोळी दिली, शांपू झाला, तरी गोचिडी हटत नाहीत!" औषध बहुतेक वेळा बरोबरच असतं, चुकते ती जागा. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

आपल्याकडे कुत्र्यांवर सर्रास दिसणारी तपकिरी गोचीड आयुष्याचा थोडाच काळ कुत्र्याच्या अंगावर काढते. रक्त पिऊन टम्म फुगली की ती गळून पडते, भिंत चढते आणि एखाद्या फटीत शिरून हजारो अंडी घालते. अंड्यातून निघालेली पिल्लं कुत्र्यावर चढतात, रक्त पितात, उतरतात, कात टाकतात आणि पुन्हा चढतात. रक्त मिळालं नाही तरी मोठी गोचीड कित्येक महिने तग धरते. तिला आपल्या चिऱ्याच्या भिंतीसारखी सोय दुसरी नाही. गिलावा न केलेल्या चिऱ्याला जागोजाग भोकं असतात. रात्री टॉर्च घेऊन कुत्रा झोपतो त्याच्या आजूबाजूची भिंत गुडघ्यापासून डोक्यापर्यंत बघा. सांध्यात सेंटिमीटरभर लांबीची राखाडी मादी चिकटलेली दिसेल, तिच्यापुढे चकचकीत तपकिरी अंड्यांचा पुंजका. सोप्यावरच्या बाकड्याखाली, दाराच्या चौकटीमागे, कुत्र्याच्या गोणपाटाच्या शिवणीतही हेच.

म्हणून कामाची सुरुवात तिथून करायची. फटी सिमेंटने बुजवा, गोणपाट उकळत्या पाण्यात टाका किंवा सरळ जाळा. भिंतीवर फवारायचं औषध डॉक्टरांना विचारूनच आणा आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा फवारा, कारण पहिल्या फवारणीत अंडी सहसा मरत नाहीत. फवारलेलं वाळेपर्यंत कुत्रा-मांजर दुसऱ्या खोलीत.

हे करत असतानाच कुत्र्याचं औषध चालू ठेवायचं, आणि इथे दोन गैरसमज आड येतात. पहिला, गोळी दिल्यावरही अंगावर गोचीड दिसली म्हणजे गोळी फुकट गेली. तसं नसतं. पोटात दिलेलं औषध रक्तात असतं, गोचीड चावल्याशिवाय तिला ते मिळतच नाही. ती चढणार, चावणार आणि मग मरणार. दुसरा, पाऊस लागला की गोचिडी संपतात. अंगणातल्या कमी होतील, घरातल्या कशाला जातील? गोव्यासारख्या उबदार हवेत हे काम बारा महिन्यांचं आहे. काही गोळ्या महिनाभर पुरतात, काही बारा आठवडे. पाकिटावर बघून पुढची तारीख कॅलेंडरवर मांडून ठेवा. मात्र मोठ्या कुत्र्याची गोळी मोडून दोन लहान कुत्र्यांना वाटू नका, मात्रा वजनावर ठरते. कुत्र्याला पूर्वी कधी फिट आली असेल तर गोळी घेण्याआधी डॉक्टरांना सांगा.

रॉकेल, पेट्रोल, पेटती उदबत्ती हे उपाय कुणी सांगितले तर हो म्हणा आणि सोडून द्या. कातडी भाजते, गोचीड तशीच राहते. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची आणि साबणाच्या पाण्यात टाकायची. बोटांनी चिरडायची नाही.

कुत्र्याला गोचिडीचा ताप आला की पहिली चूक मेडिकलमध्ये होते. कुत्रा जेवत नाही, हिरड्या पांढऱ्या पडल्यात, नाकातून रक्त येतंय. शेजारी म्हणतात, डॉक्सी (डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक) दे. चार दिवसांत कुत्रा शेपूट हलवायला लागतो आणि गोळ्या बंद होतात. एर्लिकिया या गोचिडीतून येणाऱ्या जंतूसाठी हा कोर्स साधारण २८ दिवसांचा असतो. अर्धवट सोडला तर जंतू दबून राहतात आणि काही महिन्यांनी जास्त जोराने उठतात. लघवी काळ्या चहासारखी होत असेल तर बबेसिया या गोचिडीतूनच येणाऱ्या दुसऱ्या रोगाचा संशय घ्यायचा. त्याचं औषधच वेगळं, नुसत्या डॉक्सीने तो बरा होत नाही. रक्त तपासल्याशिवाय दोन्हींत फरक करता येत नाही, मग खर्च वाचवायचा कुठे?

गोव्याच्या सत्तरी तालुक्यात गोचिडीचा ताप म्हटलं की माणसं धसकतात. त्यात चूक काही नाही, २०१५ पासून तिथे माकडतापाने माणसं दगावली आहेत. पण तो रानातल्या वेगळ्या जातीच्या गोचिडींतून येणारा विषाणू. घरातल्या कुत्र्याचा ताप वेगळा. फक्त काजूच्या दिवसांत कुत्रा बागेत बरोबर येत असेल, तर घरात घेण्याआधी त्याचं अंग तपासा. रानातली गोचीड तो अंगावर आणू शकतो.

"लस दिली, तरी पिल्लू गेलं"

पार्व्होच्या, म्हणजे पिल्लांना उलट्या आणि रक्ताचे जुलाब लावणाऱ्या विषाणूच्या बाबतीत हे वाक्य फार ऐकू येतं. विचारलं तर कळतं, एकच डोस झालेला. आईच्या दुधातून मिळालेली प्रतिकारशक्ती पिल्लाच्या अंगात असेपर्यंत ती लसीला निष्प्रभ करते, आणि ती नेमकी कधी उतरेल ते प्रत्येक पिल्लात वेगळं. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून सुरुवात करून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत डोस द्यावे लागतात. लस स्वतः आणून घरी टोचणारेही आहेत. ती २ ते ८ अंश तापमानात राहावी लागते. पावसाळ्यात आपल्याकडे वीज किती वेळा जाते ते मी वेगळं सांगायला नको.

इथेही जागेचाच प्रश्न. पार्व्होचा विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने जिवंत राहतो आणि फिनेलला दाद देत नाही. आधीचं पिल्लू त्याने गेलं असेल तर त्याची गादी आणि वाटी नव्याला देऊ नका. लादी आधी साबणाने स्वच्छ करून, एक भाग घरगुती ब्लीच आणि तीस भाग पाणी असं मिश्रण दहा मिनिटं ठेवा. अंगणातली माती काही अशी धुता येत नाही. त्या घरी आणायचं पिल्लू लसींचा पूर्ण क्रम संपल्यावरच आणावं, असं माझं स्पष्ट मत आहे, मुलांनी कितीही हट्ट केला तरी.

लेप्टोचं (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांमुळे पसरणारा रोग) गणित सोपं, पण उलटं केलं जातं. उंदराच्या लघवीने दूषित झालेलं पाणी शेताच्या बांधावर, अंगणातल्या डबक्यात साचतं, आणि लोक लस घ्यायला जुलैत येतात. पहिल्यांदाच देत असाल तर तीन-चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. पाऊस जूनच्या सुरुवातीला धरला तर एप्रिल संपण्याआधी पहिला डोस व्हायला हवा. नंतर दर वर्षी एक. हा रोग माणसांनाही होतो, तेव्हा आजारी कुत्र्याची लघवी पुसताना हातमोजे घाला.

रेबीजबद्दल गोव्यात एक सुस्ती आली आहे. २०२१ मध्ये राज्य रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं, रस्त्यावरच्या लस दिलेल्या कुत्र्यांच्या अंगावर रंगाचा पट्टा दिसतो, मग आपल्याला काय भीती? पण सिंधुदुर्ग आणि कर्नाटकाच्या सीमा कुत्र्याला अडवत नाहीत. मोहिमेतल्या लसीची नोंद तुमच्या हातात नसेल तर ती झालीच असं धरू नका. तीन महिन्यांनंतर पहिली, मग डॉक्टर सांगतील त्या तारखांना. मांजरालाही. आणि कुणी ओरबाडलं, चावलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुऊन तडक दवाखाना गाठायचा.

मांजर म्हणजे लहान कुत्रा नव्हे

कुत्र्याच्या मानेवर लावायच्या काही औषधांत पर्मेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं. त्याच बाटलीतले दोन थेंब मांजराला लावले तर तासाभरातही थरथर आणि झटके सुरू होऊ शकतात. नुकतंच औषध लावलेल्या कुत्र्याला बिलगून झोपलेल्या मांजरालाही ते बाधतं. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेते. लादी फिनेलने पुसली की मांजर त्यावरून चालतं आणि पंजे चाटतं, हे कुणाच्या लक्षातच येत नाही. मांजराच्या घरात लादीला साबणपाणी पुरे.

खाण्यातही तसंच. नुसता भात आणि उरलेलं हुमण (माशाची आमटी) यावर मांजर जगतं, पण त्यात टॉरिन हे मांजराला लागणारं पोषकद्रव्य पुरेसं नसतं. हृदय आणि डोळे हळूहळू बिघडतात. तयार मांजरखाद्य मुख्य आणि काटे काढलेला शिजवलेला बांगडा वरून थोडा, मसाला-कांद्याशिवाय, एवढं जमवा.

बोका वाळूच्या ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसून कुंथत असेल तर घरात एरंडेल शोधलं जातं, बद्धकोष्ठ समजून. बऱ्याचदा त्याची लघवी अडलेली असते. एक-दोन दिवसांत जीव जातो, म्हणून रविवार असला तरी त्याच तासाला डॉक्टर गाठा. हे वेळेवर कळण्यासाठी ट्रे रोज साफ करा आणि लघवीचे ओले गोळे मोजा. काल तीन होते आणि आज एकही नाही, तर बोका खेळत असला तरी फोन करा.