जुन्या गाडीचा गंज: लांबी भरण्याआधी या चुका टाळा

दसरा जवळ आला की जुन्या गाड्यांच्या मालकांना एकदम गाडीचं रूप आठवतं. "काही विशेष नाही हो, दाराखाली दोन फोड आलेत, जरा टचअप करून घ्यायचंय." हे ऐकलं की मी आधी स्क्रू ड्रायव्हर शोधतो.

दगड लागून टवका उडाला आणि तिथे गंज धरला, तर ते सोपं प्रकरण. तो बाहेरून आत जातो आणि वेळेवर दिसतोही. पण दाराची खालची कड, मडगार्डची कमान, रनिंग बोर्ड (दारांखालचा लांब पोकळ पत्रा), डिकीतला स्टेपनीचा खड्डा, इथला गंज बहुतेक वेळा आतून निघालेला असतो. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून रंग वर उचलला जातो. म्हणजे तुम्हाला फोड दिसला तेव्हा आतला पत्रा बराचसा संपलेला असू शकतो. नखाएवढ्या फोडात स्क्रू ड्रायव्हर टेकवावा आणि तो मुठीपर्यंत आत जावा, हे मी अनेकदा पाहिलंय. मालकाचा चेहरा तेव्हा बघवत नाही, पण टोचायचं ते टोचावंच लागतं.

भोकावर लांबी

लांबी म्हणजे पत्र्याचे खोलगट भाग भरायची पॉलिस्टर पुट्टी. ती भोकावर थापणं ही सगळ्यांची लाडकी चूक. गॅरेजवाल्यांची लाडकी, कारण दुपारपर्यंत काम होतं. मालकांची लाडकी, कारण स्वस्तात होतं.

कोथरूडमधल्या ओळखीच्या एका जोडप्याने हौसेने जुनी मारुती ८०० घेतली. रंग इतका चकाचक की दारात बघून भांग पाडावा. पावसाळ्यात ताम्हिणीला गेले आणि घाटात पंक्चर झालं. जॅक लावून हँडल फिरवलं, तर गाडी वर यायच्या ऐवजी जॅकच करकरत गाडीत घुसला. भर पावसात, एका बाजूला दरी. शेवटी मागून आलेल्या टेम्पोवाल्याने दुसऱ्या जागी जॅक लावून चाक बदलून दिलं.

पुण्याला आल्यावर गाडी माझ्याकडे आणली. रनिंग बोर्ड उघडला तर आत चुरगळलेला पेपर कोंबलेला, त्यावर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती जाळी, जाळीवर बोटभर लांबी आणि लांबीवर तो देखणा रंग. पेपर भिजून गच्च झाला होता. बातम्या वाचता येत होत्या, पत्रा मात्र हाताने मोडत होता. विकणाऱ्याने "बॉडीचं नुकतंच फुल काम केलंय" असं सांगितलं होतं. खोटं म्हणता येणार नाही.

यात दोन गोष्टी लोकांच्या लक्षात येत नाहीत. पॉलिस्टर पुट्टी ओलावा शोषते, त्यामुळे भोकाच्या मागून पाणी येत असेल तर ती ते गंजलेल्या पत्र्याशीच धरून ठेवते. तिचं काम दोन-तीन मिलिमीटरचा खोलगटपणा सपाट करण्याचं. नसलेला पत्रा तयार करणं हे तिचं काम नव्हेच. दुसरं म्हणजे ८०० काय किंवा जुनी प्रीमियर पद्मिनी काय, या गाड्यांना बॉडीखाली वेगळी चॅसी नसते. बॉडी हाच सांगाडा. रनिंग बोर्ड पोकळ झाला म्हणजे गाडीचं एक हाड गेलं.

माझी पद्धत सांगतो. टोचत टोचत टणक पत्रा लागेपर्यंत जायचं आणि त्याच्याही पुढे दोन बोटं कापायचं. कापताना जीव तुटतो म्हणून लोक कमी कापतात, मग गंजलेल्या कडेला वेल्डिंग धरत नाही आणि दोष वेल्डरला. ठिगळाचा पत्रा मूळ जाडीचाच घ्यावा. जाड घेतला तर वेल्डिंगची उष्णता बाजूचा पातळ पत्रा जाळते. वेल्डिंग सीओटूचं (कार्बन डायऑक्साइड वायू सोडत वायरने करतात ते), आणि सलग न ओढता अंतर ठेवून टाके मारत, मधे गार होऊ देत. गॅसने पातळ पत्रा पापडासारखा वाकडा होतो, मग तो सरळ दिसावा म्हणून पुन्हा लांबी! वेल्डिंगच्या आधी बॅटरी सोडायची, सीट आणि कार्पेट बाहेर काढायचं, आणि पेट्रोलची टाकी किंवा पाइप जवळ असेल तर तोही काढायचा. "दोन मिनिटांचं काम आहे, राहू द्या" म्हणणाऱ्याकडे गाडी ठेवूच नका.

वेल्डिंग झाल्यावर सगळे बाहेरून प्रायमर मारतात. आतल्या बाजूचा रंग उष्णतेने जळालेला असतो, तो कुणी बघत नाही, आणि नवा गंज तिथूनच निघतो. पोकळ भागात भोकातून लांब नळीने कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे आतून गंज रोखणारं मेण, मारून घ्या.

पुढचा मडगार्ड बोल्टवर बसणारा असेल तर ठिगळं लावत बसू नका. आधी नाना पेठेत, पुण्याच्या स्पेअर पार्टच्या बाजारात, चौकशी करा. नवा मिळाला तर बसवण्यापूर्वी आतल्या बाजूने नीट रंगवा. स्वस्त पॅनेलचा काळा रंग दुकानापासून घरापर्यंत टिकण्यापुरता असतो.

पाणी कुठून येतं ते न बघणं

काच आणि दाराच्या मधल्या रबरातून पाणी दारात जातंच, तशीच रचना आहे. ते बाहेर पडायला दाराच्या खालच्या कडेला भोकं असतात. ती धुळीने बुजतात. गुलमोहराखाली किंवा पर्जन्यवृक्षाखाली गाडी लावणाऱ्यांच्या वायपरखालच्या जाळीत बारीक पानांचा चिखल साठतो आणि पाणी थेट पायाशी उतरतं. वर रबरी मॅट, खाली ओलं कार्पेट, त्याखाली फ्लोअर. कुबट वास आला की लोक डॅशबोर्डवर अत्तराची बाटली लावतात. अहो, कार्पेट उचला!

दाराची भोकं मी प्लॅस्टिकच्या केबल टायने मोकळी करतो. खिळा घालू नये, भोकाच्या कडेचा रंग खरवडतो.

आणि याच भोकांवर काळं अंडरकोटिंग, म्हणजे गाडीच्या खालच्या बाजूला मारायचा जाड थर, मारणारे महाभाग आहेत. गंजावर मारलेलं अंडरकोटिंग गंज थांबवत नाही, फक्त झाकतं. त्यात भोकं बुजली की आतलं पाणी आतच. कोटिंग करायचंच असेल तर खालची बाजू खरवडून, कोरडी करून, भोकांना टेप लावून. एवढं करायला कुणी तयार नसेल तर नुसती स्वच्छ ठेवा, पैसे वाचतील.

बाकीच्या चुका थोडक्यात. नुसता वायर ब्रश फिरवला की गंज चमकतो, जात नाही. पत्र्याच्या खड्ड्यांत काळे ठिपके दिसतात तोवर काम बाकी आहे. गंज कन्व्हर्टर (गंजावर लावायचं रसायन) गंजाच्या पातळ थरावर चालतो, पापुद्रे सुटलेल्या पत्र्यावर नाही. उघड्या पत्र्यावर पाणी लावून पॉलिश पेपर मारला तर डोळ्यांदेखत पिवळसर गंज धरतो, कोरडा मारा. नुसत्या रेड ऑक्साईडच्या तांबड्या प्रायमरवर महिनाभर गाडी फिरवू नका, ओलावा त्यातून आत जातो. मी एपॉक्सी प्रायमर मारतो आणि डब्यावर लिहिलंय तेवढा वेळ थांबतो. जुलैत हे काम काढूच नये. पंधरा वर्षांनंतरच्या पासिंगला आठ दिवस राहिले की जागे होणाऱ्यांना नेमका जुलैच सापडतो. पावसात प्लॅस्टिकचं कव्हर घालू नका, आत घाम धरतो.

जुनी गाडी बघायला जाताना फ्रिजवरचं मॅग्नेट फडक्यात गुंडाळून न्या. जिथे ते चिकटत नाही तिथे लांबी जाड आहे. आणि दापोली-अलिबागहून आलात की त्याच आठवड्यात गाडी रॅम्पवर घेऊन खालून साध्या पाण्याने धुवून घ्या, मिठाने गंज झपाट्याने वाढतो. धुणारा बॉनेटवर फेस मारण्यात रमेल, त्याला चाकांच्या कमानींच्या आत पाइप घालायला उभं राहून सांगा.