पुढचा डिफरेन्शियल वेल्ड केला, त्याचा अनुभव

खडकाळ चढावर पुढचं एक चाक हवेत गेलं की तेच गरगर फिरायचं, जमिनीवरचं मात्र ढिम्म. शेवटी पुढचा डिफरेन्शियल, म्हणजे दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी, आतले गिअर वेल्ड करून कायमचे जोडायला उघडला.

सगळ्यात जास्त वेळ साफसफाईत गेला, आणि तो द्यायलाच हवा. दातांच्या फटीत तेल राहिलं तर वेल्डमध्ये छिद्रं पडतात. बेअरिंग काढून ठेवले, क्राउन व्हील (मोठं दातेरी चाक) झाकलं, अर्थिंगचा क्लॅम्प थेट केसिंगला लावला. स्पायडर गिअर (आतले छोटे गिअर) कडक पोलादाचे, थंड असताना वेल्ड केले की तडकतात. म्हणून आधी साधारण २०० अंशांपर्यंत तापवले, मग साइड गिअरला (अ‍ॅक्सल फिरवणाऱ्या गिअरला) वेल्डने जोडले आणि कोरड्या वाळूत पुरून रात्रभर निवू दिले. यात घाई कुणी करू नये.

आता दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरतात. चढ सुटतो, पण फोर व्हील लावल्यावर स्टिअरिंग फार जड होतं आणि वळणावर अ‍ॅक्सल, जॉइंट यांच्यावर ताण येतो. माझ्या गाडीला पुढे हाताने सोडता येणारे हब (चाक अ‍ॅक्सलला जोडणारे किंवा त्यापासून सुटं करणारे) आहेत, म्हणूनच हे केलं. नाहीतर केलं नसतं. रस्त्यावर दोन्ही हब मोकळे. अरुंद वळणं असली की एकच हब लावतो. गाडी वळते, पण सगळा भार एकाच अ‍ॅक्सलवर येतो, तेव्हा अ‍ॅक्सिलरेटर हलकाच दाबायचा.