चर्चमधली कोझी मिस्टरी लिहिताय? मग या चुका टाळा

माझ्याकडे वाचायला येणाऱ्या हस्तलिखितांमध्ये हल्ली एक प्रकार फार वाढलाय, कोझी मिस्टरी, आणि त्यातही ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे एखाद्या चर्चच्या सभासदांत, घडणारी. खून किंवा चोरी होते पण रक्ताची थारोळी नाहीत, शिव्या नाहीत, आणि शोध लावते कोण तर एखादी रिटायर्ड नर्स, पाळकांची (पास्टरांची) बायको, संडे स्कूलची टीचर नाहीतर ऑर्गन वाजवणारा मुलगा. मला हा प्रकार मनापासून आवडतो कारण घरातल्या आजीनं वाचून झालेलं पुस्तक नववीतल्या नातीच्या हातात बिनधास्त देता येतं. आणि म्हणूनच त्याच त्याच चुका बघून जीव वैतागतो. सोलापुरात आम्ही काहीजण जमून एकमेकांचं लिखाण मोठ्यानं वाचतो, तिथं नवीन येणाऱ्यांना घाई इतकी असते की तिसरा चॅप्टर पूर्ण झालेला नसतो आणि कव्हर कोण करून देईल ते विचारायला लागतात.

सिनेमातलं चर्च उचलून सोलापुरात ठेवणं

ही सगळ्यात मोठी चूक आणि मी यावर जरा लांबलचकच बोलणार.

एका इंजिनिअर मुलानं कादंबरी आणली होती. रेल्वे लाईन्स भागातली मंडळी, तिथला खजिनदार नाताळच्या आधी मेलेला सापडतो, शोध लावणारी एक रिटायर्ड नर्स. सुरुवात छान, भाषा छान, नर्सबाई तर इतक्या जिवंत की आपल्या ओळखीच्या वाटाव्यात. मग आठव्या चॅप्टरमध्ये खुनी जाऊन कन्फेशन बॉक्समध्ये बसतो, जाळीपलीकडच्या पाळकांना सगळं सांगून टाकतो, आणि पाळक दुसऱ्या दिवशी नर्सबाईंना हळूच हिंट देतात. मंडळी त्यानं स्वतःच चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट चर्चची म्हणून लिहिली होती. आमच्या ग्रुपमधल्या एक मावशी जन्मापासून तशाच मंडळीतल्या, त्या वाचन थांबवून म्हणाल्या, "अरे बाळा, असली पेटी आमच्यात कुठं बघितलास? आणि पाळकांना एकटं कशाला ठेवलायस, त्यांना बायको पोरं असतात की."

सोलापूर भागात प्रोटेस्टंट काम बरंचसं अमेरिकन मराठी मिशनचं. हे मिशन १८१३ मध्ये मुंबईत सुरू झालं, मग अहमदनगर, पुढे सोलापूर, त्यांनी शाळा काढल्या, मंडळ्या उभ्या केल्या, आणि त्या परंपरेतल्या बऱ्याच मंडळ्या १९७० ला चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आल्या. तिथं पाळक संसारी माणूस असतो, पाळकबाई महिला मंडळात असतात, आणि कारभार कमिटी बघते, जिच्यात सेक्रेटरी, खजिनदार, रुसवेफुगवे सगळं आलं. लेखकाला एवढं आयतं मिळत असताना तो इंग्रजी सिनेमातली पेटी का आणतो मला कळत नाही.

मुलगा हुशार, लगेच म्हणाला, बाई मग मंडळी कॅथलिक करतो. मी म्हटलं कर, पण मग तुझे फादर हिंट देऊ शकत नाहीत. कॅथलिक चर्चच्या कायद्यात कन्फेशनमधलं गुपित फोडणं हा इतका मोठा गुन्हा आहे की जो फादर ते थेट फोडेल तो त्या क्षणी आपोआप बहिष्कृत होतो. शब्दानं नाही आणि इशाऱ्यानंही नाही. म्हणजे प्लॉट इकडून पण कोसळला आणि तिकडून पण. मग तो जे बोलला तिथं खरी चूक बाहेर आली, "पण बाई, कन्फेशन काढलं तर खुनी सापडायचा कसा?" सव्वादोनशे पानांत त्यानं एकही दुसरा धागा ठेवला नव्हता! पेटी हा शॉर्टकट होता, आणि शॉर्टकट घेणाऱ्याला पुढं रस्ताच नसतो.

यावर माझा उपाय एकच, दरवेळी तोच. लिखाण बंद करायचं, ज्या प्रकारच्या मंडळीबद्दल लिहिताय तिथं रविवारी जाऊन मागच्या बाकावर बसायचं, आणि उपासना संपल्यावर लगेच पळायचं नाही, अर्पण मोजून होईपर्यंत थांबायचं. मावशींनी कमिटीला विचारून त्या मुलाला बसवलं. त्यानं बघितलं की थैल्या टेबलावर उलट्या होतात, चिल्लर एकीकडे, दहा-वीसच्या नोटा एकीकडे, मासिक वर्गणीची पाकिटं वेगळी, दोघं मोजतात, वहीत आकडा लिहून दोघं सह्या करतात, आणि पैसे कपाटात जातात कारण बँक सोमवारी उघडणार. रविवार दुपार ते सोमवार सकाळ चावी कुणाकडे? झाला ना प्लॉट.

आणि त्याहून भारी गोष्ट त्याला मिळाली ती आभारदानाच्या पाकिटात. वाढदिवस झाला, पोरगी पास झाली, ऑपरेशन नीट झालं, लोक पाकिटात पैसे घालतात, वर नाव आणि कारण लिहितात, आणि सेक्रेटरी ते सगळ्यांसमोर वाचून दाखवतात. नव्या ड्राफ्टमध्ये एक पाकीट आहे, 'बारा तारखेचा पुण्याचा प्रवास सुखरूप झाला म्हणून', शंभर रुपये. लिहिलंय खजिनदाराच्या मेव्हण्याच्या बायकोनं, अगदी भक्तीनं. आणि मेव्हणा मात्र सगळ्यांना सांगत फिरतोय की बाराला आम्ही दोघं घरीच होतो, मला ताप होता. सगळी मंडळी 'आमेन' म्हणते, एकट्या नर्सबाई मान वर करून बघतात. तो सीन वाचताना आमच्या खोलीत सगळे एकदम "अरे!" असं ओरडले. हे असं सिनेमा बघून सुचत नाही, तिथं जाऊन बसावं लागतं.

प्रार्थना केली आणि उत्तर मिळालं

ही दुसरी चूक, आणि यावर माझं लोकांशी भांडण होतं कारण त्यांना वाटतं मी विश्वासाच्या विरोधात बोलतेय. उलट आहे. नायिका गुडघे टेकते, डोळे मिटते, आणि तिच्या मनात अचानक नाव येतं. किंवा स्वप्नात विहीर दिसते आणि विहिरीत चाकू सापडतो. वाचकानं इतकी पानं डोकं लावलं त्याचं काय?

रोनाल्ड नॉक्स नावाचे एक इंग्लिश कॅथलिक फादर होते, ते स्वतः डिटेक्टिव्ह कथा लिहायचे, त्यांनी १९२९ मध्ये अशा कथांसाठी दहा नियम लिहिले. त्यात दैवी किंवा अलौकिक शक्तीला सरळ बंदी आहे, आणि शोध लावणाऱ्याला योगायोगानं किंवा कारण नसलेल्या अंतःप्रेरणेनं उत्तर मिळता कामा नये असंही आहे. आयुष्यभर प्रार्थना करणाऱ्या माणसानं हे लिहिलंय. जो वाचक आपल्याशी हा खेळ खेळतोय त्याच्याशी प्रामाणिक राहायचं, एवढाच त्याचा अर्थ.

आणि बायबलमध्ये तर याचा नमुनाच आहे. दानीएलाच्या पुस्तकाचा जो भाग कॅथलिक बायबलमध्ये येतो त्यात दोन गोष्टी आहेत. एकीत सुसान्ना नावाच्या बाईवर दोन वडीलधारे व्यभिचाराचा खोटा आळ घेतात, दानीएल दोघांना वेगवेगळं करतो आणि एकच प्रश्न विचारतो, कुठल्या झाडाखाली पाहिलंस? एक एक झाड सांगतो, दुसरा दुसरंच, संपला खटला. दुसरीत बेल नावाच्या मूर्तीसमोर ठेवलेलं अन्न रोज रात्री गायब होतं, दार तर राजाच्या मोहरेनं बंद, तेव्हा दानीएल आदल्या रात्री जमिनीवर राख पसरून ठेवतो आणि सकाळी पुजाऱ्यांच्या, त्यांच्या बायकापोरांच्या पावलांचे ठसे राजाला दाखवतो. टेबलाखाली चोरदार होतं. दानीएलापेक्षा जास्त प्रार्थना करणारा कोण दाखवणार तुम्ही? तरी त्यानं राख पसरलीच ना.

(इथंच एक छोटी चूक सांगते, हे दोन्ही अध्याय प्रोटेस्टंट बायबलमध्ये नसतात, त्यामुळे तुमची नायिका तशा मंडळीतली असेल तर तिच्या उशाच्या बायबलमध्ये सुसान्ना सापडणार नाही. तिला यहोशवाच्या सातव्या अध्यायातला आखान द्या, लुटीतला सुंदर झगा, चांदी आणि सोन्याची वीट त्यानं तंबूत पुरून ठेवली होती. किंवा नाबोथाचा द्राक्षमळा, जो खोटे साक्षीदार आणि राजाच्या मोहरेची पत्रं वापरून लाटला गेला, म्हणजे कागदोपत्री घोटाळ्यासाठी एकदम फिट.)

मी करते असं की ड्राफ्टवर लाल पेन घेऊन बसते आणि 'तिच्या मनात आलं', 'तिला आतून जाणवलं' अशा प्रत्येक वाक्याखाली रेघ मारते. रेघ पडली की आधीच्या पानांत कारण शोधायचं, नसेल तर घालायचं. प्रार्थना काढू नका. प्रार्थनेनं तिला धीर येऊ दे, ज्या शेजारणीवर तिचा राग आहे तिच्या दारात जायची ताकद येऊ दे, माहिती मात्र तिनं पायपीट करूनच मिळवायची.

पोलीस मूर्ख, बाई हुशार

असं कुणी लिहिलं की मी बाजूला ठेवते. इन्स्पेक्टर नायिकेला पोस्टमार्टेम रिपोर्ट चहा पिता पिता देतो, कशाला देईल तो? तिला तेवढंच माहीत असू द्या जेवढं गल्लीला माहीत असतं, आणि गल्लीला खूप माहीत असतं.

तिला घटनास्थळी न्यायचंच असेल तर आपल्याकडे एक सरळ रस्ता आहे, पंचनामा. संशयास्पद मृत्यू झाला की पोलिसांना त्या भागातल्या दोन किंवा जास्त प्रतिष्ठित रहिवाशांसमोर पंचनामा करावा लागतो. तुमच्या रिटायर्ड बाई पंच म्हणून उभ्या राहू शकतात, कायद्यानं, सगळ्यांसमोर, आणि टेबलावरच्या दोन कपांपैकी एक कोरडा आहे हे बघू शकतात. इंग्रजी पुस्तकांत ही सोय नाही, आपल्याकडे आहे, तर वापरा.

आणि कथा आजच्या काळातली असेल तर कलम ३०२ लिहू नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, त्यात खुनाचं कलम १०३ आहे. शहरात पोलीस आयुक्त असतात, तालुक्यात गेलात की ग्रामीणचे एसपी, हेही बघून घ्या.

बाकीच्या, पटापट

सगळ्या पात्रांची आडनावं डिसूझा आणि फर्नांडिस. सोलापूरच्या मंडळीत गायकवाड, साळवे, वाघमारे भेटतील, तेलुगू आणि कन्नड बोलणारी घरंही भेटतील.

ईस्टरच्या पहाटे धुकं आणि अंगावर शाल. ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिलच्या मध्ये येतो, सोलापुरात तेव्हा ऊन कसं असतं ते विचारा कुणालाही. शाल पाहिजेच असेल तर गोष्ट जानेवारीत न्या, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेची गर्दी पण मिळेल, आणि गर्दीत माणूस हरवणं सोपं.

दर पानावर शेंगा चटणी आणि कडक भाकरी. एकदा पुरे. चादरीचंही तसंच.

खुनी शेवटून दुसऱ्या चॅप्टरमध्ये पहिल्यांदा येतो. तो पहिल्या पन्नास पानांत दिसलाच पाहिजे, आणि वाचकाला आवडला पाहिजे.

अख्खं प्रवचन. तीन ओळी द्या, त्यातली एक पुढं कामाला येऊ द्या.

खून झाला त्याच संध्याकाळी नायिका वही घेऊन हसत खेळत चौकशीला. हे मला खटकतं, फार खटकतं. गोष्ट हलकीफुलकी आहे म्हणजे मेलेल्या माणसाचं कुणी नव्हतं असं नाही. मंडळीतलं कुणी गेलं की लोक घरी जमतात, सांत्वनाची प्रार्थना होते, पहिले दिवस जेवण शेजारून येतं, कुणीतरी पोरांना सांभाळतं. तेच लिहा, आणि खरं तर तिथंच धागे मिळतात, डबा कुणी आणला आणि कुणी दारातूनच परत गेलं. विनोद कमिटीत ठेवा, सतरंजी कुणी धुवायची यावर वीस मिनिटं भांडणारी चांगली माणसं दाखवा, विधवेच्या घरात विनोद नको.

शेवटी सगळ्यांनी माफ केलं

खुनी रडतो, सगळे मिठी मारतात, गीत गातात, समाप्त. पाळक क्षमा करतील, मयताची बायको कदाचित वर्षांनी करेल, तो तिचा प्रश्न, पण कोर्ट केस चालवणार आणि चोरलेले पैसे कुणीतरी परत करायचे आहेत. जक्कय नावाच्या जकातदाराची गोष्ट लूकच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे, त्यानं नुसतं सॉरी म्हटलं नाही, फसवून घेतलेल्याच्या चौपट परत देतो म्हणाला. त्या इंजिनिअर मुलाच्या पहिल्या ड्राफ्टमध्ये पण मिठ्याच होत्या. आता त्याच्या शेवटच्या चॅप्टरमध्ये मेव्हणा कोठडीत आहे, त्याची बायको स्वतःच्या बांगड्या मोडून पाकिटात पैसे घालून कमिटीसमोर आणून ठेवते, आणि घ्यायचे की नाही यावर कमिटीचं एकमत होत नाही. हा सीन तो अजून लिहितोय, दोनदा आम्ही परत पाठवलाय, आणि यावेळी कव्हरचं त्यानं काही विचारलेलं नाही.