परगावहून आलेल्यांचा स्वातंत्र्यमार्ग : अमळनेर ते नंदुरबार

आर्जेंटिनाचं आरमार उभारणारा विल्यम ब्राऊन जन्मानं आयर्लंडच्या फॉक्सफर्डचा. चिलीच्या स्वातंत्र्ययुद्धाचा नेता बर्नार्दो ओ'हिगिन्स याचे वडीलही आयरिश. त्यांची स्मारकं त्या देशांनी अभिमानानं जपली. खान्देशातही बाहेरून आलेल्यांनी लढा उभा केला. त्यांची ठिकाणं एका वाटेवर आणणं, तिथे माहितीचे फलक लावणं आणि गटांना ती वाट फिरवणं अवघड नाही.

ठिकाणं चारच घ्या. अमळनेर : कोकणातल्या पालगडचे साने गुरुजी इथल्या शाळेत शिकवत आणि १९३० साली नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले. धुळे कारागृह : २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या अठरा रविवारी विनोबांनी इथे गीतेवर प्रवचनं दिली, गुरुजींनी ती टिपून घेतली. चिमठाणे : १४ एप्रिल १९४४ ला साताऱ्याच्या प्रतिसरकारच्या, म्हणजे इंग्रजांविरुद्ध उभ्या केलेल्या समांतर सरकारच्या, माणसांनी, स्थानिक साथीदारांसह, धुळ्याहून नंदुरबारला निघालेला सरकारी खजिना लुटला. शेवटी नंदुरबारचा माणिक चौक.

दिशा हीच ठेवा. धुळ्याहून दोंडाईचामार्गे नंदुरबारला जाताना तोच खजिन्याचा प्रवास मनात उभा राहतो. उलट गेलं तर ती गंमत हरवते. सकाळी सातला अमळनेर सोडा. कारागृह आजही चालू आहे, म्हणून आत जायचं तर लेखी परवानगी बरीच आधी मागा; नसेल तर बाहेर रस्त्यावरच थांबून गटाला माहिती सांगा, फोटो काढू नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ बरा. एप्रिल-मेच्या उन्हात चौकात दहा मिनिटं उभं राहणंही जिवावर येतं.

फलकांवर खरी मेहनत घ्या, कारण चुका तिथेच होतात. फ्लेक्स लावू नका. एका उन्हाळ्यात रंग उडतो, वाऱ्यानं फाटतो. तीन मिमी जाडीची एसीपी (ॲल्युमिनियमचा थर असलेली) शीट, दोन बाय तीन फूट, पुरते. दोन इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप दहा फुटांचा घ्या आणि तीन फूट जमिनीत जाऊ द्या. काळ्या मातीत निव्वळ काँक्रीट ओतलं तर पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात भेगा पडतात आणि खांब कलतो. म्हणून खड्डा साडेतीन फूट खोल करा, तळाला सहा इंच मुरूम ठोकून बसवा, मग १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीट. आठ दिवस पाणी मारा, शीट त्यानंतरच चढवा. जागा रस्त्याकडेची असेल तर ग्रामपंचायतीबरोबर सार्वजनिक बांधकाम विभागालाही विचारा, नाहीतर रस्ता रुंद होताना पहिला फलकच उखडतो.

मजकूर साठ-सत्तर शब्दांचा, अक्षर दीड सेंमी उंच. युनिकोडमधला मजकूर छापखान्याच्या जुन्या फाँटमध्ये गेला की जोडाक्षरं तुटतात, रफार भलत्याच अक्षरावर बसतो. छापण्याआधी कागदी प्रूफ मागवा आणि ओळीओळीवर बोट ठेवून मोठ्यानं वाचा.

माणिक चौकाचा फलक सगळ्यात जपून करा. ९ सप्टेंबर १९४२ ला इथे शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा यांनी प्राण दिले. पाचही नावं एकाच आकारात लिहा. फक्त पहिलं मोठं करण्याची सवय आहे, ती अन्यायाची आहे. शिरीषकुमारचा जन्म २८ डिसेंबर १९२६ चा, म्हणजे त्या दिवशी पंधरा पूर्ण, सोळावं चालू. 'सोळा वर्षांचा' असं लिहू नका. त्यांची घोषणा मूळ गुजराती आहे, 'नहि नमशे, नहि नमशे, निशाण भूमि भारतनुं'. ती तशीच देवनागरीत ठेवा, बदलून मराठी करू नका. खाली अर्थ द्या : झुकणार नाही, भारतभूमीचा ध्वज झुकणार नाही. मराठी गावात गुजराती घोषणा का, हे मुलं स्वतःच विचारतात आणि मार्गाचा विषय तिथेच उलगडतो.

तारखा आणि नावं धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात, १९२७ पासूनच्या त्या संस्थेत, पडताळून घ्या. दोन स्वतंत्र नोंदी जुळल्याशिवाय काही छापू नका. सांगणारा अहिराणी बोलणारा असेल तर उत्तम, गावातली म्हातारी माणसं मग आपणहून जवळ येतात. त्यांनी सांगितलेलं वहीत तारीख घालून लिहून घ्या, फलकावर मात्र नोंद पडताळल्यावरच. शहीद दिनी, ९ सप्टेंबरला, चौकात गर्दी असते; त्या दिवशी गट पंचवीसच्या वर नेऊ नका, आणि वाहन चौकापासून लांब उभं करा.