सीडी फ्लॅकमध्ये घ्यायच्या आधी काय काय तयार ठेवायचं

घरातल्या सगळ्या सीडी एकदाच्या कॉम्प्युटरवर फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाजातलं काहीही न गमावता साइज कमी करणाऱ्या फाइल-प्रकारात, घ्यायच्यात ना, मग पहिली सीडी ड्राइव्हमध्ये घालायच्या आधी सगळ्या जमिनीवर मांडा आणि गठ्ठे करा, कारण आपल्याकडे कपाटात सीडी म्हणून तीन-चार वेगळ्याच गोष्टी बसलेल्या असतात. खरी ऑडिओ सीडी विंडोजमध्ये उघडली की ट्रॅक १, ट्रॅक २ अशा इवल्याशा सीडीए फायली दिसतात. शंभर गाण्यांची एमपी३ सीडी असेल तर त्यात आवाजातला काही भाग आधीच काढून टाकलेला आहे, ती फ्लॅक केली तर फाइल फक्त मोठी होते, गेलेलं परत येत नाही, म्हणून ती आहे तशी कॉपी करा. नाटकांच्या व्हीसीडीचंही तेच. आणि कॅसेटवरून घरी राइट केलेल्या सीडी, म्हणजे कुणाच्या लग्नातली गाणी, गणपतीतली मैफल वगैरे, त्या सगळ्यात आधी घ्या, त्यात माहिती रंगाच्या एका थरात असते आणि तो थर ऊन-उष्णतेने खराब होत जातो, शिवाय तशी दुसरी प्रत कुठेच मिळणार नाही.

पुसायला मऊ सुती कापड, पाणी आणि भांड्याच्या लिक्विडचा एखादा थेंब, बास. मधल्या भोकापासून सरळ बाहेरच्या कडेकडे पुसायचं, गोल गोल नाही, कारण माहिती गोल फिरत लिहिलेली असते आणि त्याच दिशेने ओरखडा गेला तर सलग मोठा तुकडा जातो. लोक खालची बाजू जपतात पण खरी नाजूक बाजू वरची, छापील, चमकणारा थर तिथे पातळ लॅकरच्या लगेच खाली असतो. उजेडासमोर धरून बारीक भोकं दिसतायत का बघा. दिसली तर ती सीडीही सगळ्यात आधी घ्यायच्या गठ्ठ्यात.

ड्राइव्ह बाहेरचा यूएसबीचा चालतो. सॉफ्टवेअर विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी, मॅकवर एक्सएलडी, दोन्ही फुकट. साध्या प्लेयरने रिप, म्हणजे सीडीवरचं कॉम्प्युटरवर उतरवणं, करू नका असं मी कळकळीने सांगेन, कारण ही सॉफ्टवेअर शंका आली की तोच भाग पुन्हा पुन्हा वाचतात आणि अ‍ॅक्युरेटरिप नावाच्या डेटाबेसमध्ये इतरांच्या रिपशी आपल्या रिपचा पडताळणीचा आकडा जुळतो का ते बघतात. आता आपली गोची अशी की मराठी सीडी तिथे बऱ्याचदा नसतेच. तेव्हा जगभर खूप खपलेली एखादी इंग्रजी सीडी कुणाकडून तरी आणून ठेवा, तिच्यावरून ड्राइव्हचा ऑफसेट, म्हणजे ड्राइव्ह किती पुढे-मागे वाचायला लागतो ते, सेट होतो, आणि मराठी सीडींना 'टेस्ट अँड कॉपी' वापरा. तीच सीडी दोनदा वाचली जाते, दोन्ही वेळचे सीआरसी, म्हणजे वाचलेल्या माहितीवरून काढलेले पडताळणीचे आकडे, सारखे आले की निश्चिंत. वेळ दुप्पट लागतो, लागू दे.

फॉरमॅट फ्लॅक. सगळं अ‍ॅपलच्या म्युझिक अ‍ॅपमध्येच ऐकणार असाल तर एएलएसी हा अ‍ॅपलचा तसाच फॉरमॅट, दोन्हींत काहीच गमवत नाही आणि नंतर एकातून दुसऱ्यात बदलता येतं. फ्लॅकची कॉम्प्रेशन लेव्हल ० असो की ८, आवाज तोच, फरक फक्त साइजचा. तासाभराची सीडी वॅवमध्ये, म्हणजे साइज कमी न करता, साधारण ६३५ एमबी होते, फ्लॅकमध्ये अर्धी ते दोन तृतीयांश, आणि जुन्या मोनो रेकॉर्डिंगमध्ये दोन्ही चॅनल अगदी सारखे असतील तर आणखी बरीच कमी. २०० सीडींना १०० जीबी धरा म्हणजे हात आखडायला नको.

आता सगळ्यात महत्त्वाचं, नावं. माझ्या मते सीडीचा अर्धा ऐवज आतल्या कागदावर असतो. गायक तर आवाजावरून कळेल, पण गीतकार कोण, संगीतकार कोण, तबल्यावर, हार्मोनियमवर कोण होतं, राग-ताल कुठला, हे मराठी सीडींच्या बाबतीत नेटवरून आपोआप भरलं जाईल या भरवशावर राहू नका. म्हणून प्रत्येक कागद दोन्ही बाजूंनी ३०० डीपीआयला स्कॅन करून त्याच फोल्डरमध्ये ठेवा. फ्लॅकमध्ये हव्या त्या नावाचं टॅग, म्हणजे फाइलच्या आतच माहिती लिहायची जागा, बनवता येतं, टॅगचं नाव रोमन लिपीत लागतं पण आतला मजकूर बिनधास्त देवनागरीत लिहा, राग, ताल, साथ सगळं घाला. फायलींची नावं मात्र रोमनमध्येच ठेवलेली बरी, गाडीतल्या बऱ्याच प्लेयरवर देवनागरी म्हणजे नुसते चौकोन दिसतात. आणि सुरू करायच्या आधी कलाकारांच्या नावांची एक यादी करून लेखन पक्कं करा, नाहीतर भीमसेन जोशी, पं. भीमसेन जोशी आणि पंडित भीमसेन जोशी हे तीन वेगळे गायक होऊन बसतात! गीतरामायणासारखा ५६ गाण्यांचा संच अनेक सीडींवर असतो, तिथे डिस्क नंबरचं टॅग विसरलात तर प्रत्येक सीडीचं पहिलं गाणं एका रांगेत लागतं आणि कथेचा क्रमच जातो. मैफलीच्या सीडीत विलंबित आणि द्रुत सलग असून ट्रॅक दोन असतात, त्यासाठी मध्ये खंड न पाडणारा म्हणजे गॅपलेस प्लेयर आधीच बघून ठेवा, ऐन द्रुत सुरू होताना खटका बसला तर फार वाईट वाटतं.

हार्ड डिस्क दोन घ्या, एक घरात आणि दुसरी भावाकडे-बहिणीकडे. सुरुवातीला पाचच सीडी पूर्ण करा, अगदी टॅग आणि स्कॅनसकट, मग त्या फोनवर, गाडीत, हॉलमधल्या सिस्टिमवर, जिथे जिथे ऐकणार तिथे लावून बघा, आणि काही बदलायचं असेल तर तेव्हाच बदला. दोन्ही डिस्कवर कॉपी झाली की फायली एकदा व्हेरिफाय करा, फ्लॅकमध्ये मूळ आवाजाचा एमडी५, म्हणजे तसाच एक पडताळणीचा आकडा, साठवलेला असतो, त्यामुळे एकही बिट इकडचा तिकडे झाला असेल तर कळतं. ते झाल्यावरच सीडी खोक्यात भरा, उभ्या, कोरड्या जागी, आणि रद्दीत मात्र देऊ नका.