शिवमानसपूजा : स्तोत्र म्हणता म्हणता करावयाची पूजा

मनातल्या मनात करावयाच्या मानसपूजेला ताम्हन, पळी-पंचपात्र काहीच लागत नाही, म्हणून ती सोपी असेल असे वाटते. प्रत्यक्षात हातांना काम नसल्यामुळे मन दोन मिनिटांत देवघराबाहेर पडते. त्याला जागेवर ठेवण्यासाठी स्तोत्राच्या शब्दांचा आधार घ्यावा. आद्य शंकराचार्यांच्या नावाने परंपरेत चालत आलेले अवघ्या ५ श्लोकांचे शिवमानसपूजा स्तोत्र यासाठी फार सोयीचे आहे, कारण त्यातील शब्दांचा क्रम हाच पूजेचा क्रम आहे.

आरंभी स्तोत्र पाठ करण्याची घाई न करता प्रत्येक पदाचा अर्थ समजून घ्यावा. नंतर काही दिवस ते मोठ्याने, पुढे केवळ ओठ हलवून आणि शेवटी मनातल्या मनात म्हणावे. वाचिक, उपांशु आणि मानस या जपाच्या पायऱ्या येथेही उपयोगी पडतात.

खरी मेख आहे ती गतीत. पहिले चार श्लोक शार्दूलविक्रीडित वृत्तात असून प्रत्येक चरणात १९ अक्षरे आणि बाराव्या अक्षरानंतर यती, म्हणजे थांबा, आहे. ‘रत्नैः कल्पितमासनं हिमजलैः’ येथे थांबलो, की आसन मांडून झालेले असते आणि पाण्याचा कलश हातात असतो. श्वास घेऊन ‘स्नानं च’ म्हणताना ते पाणी पिंडीवर ओतलेले दिसले पाहिजे. चित्र उमटण्यापूर्वी जीभ पुढे गेली, तर ते नुसते पाठांतर झाले.

स्तोत्रातील चंदनाला कस्तुरीचा गंध आहे. पण ज्याने कस्तुरी कधी हुंगलीच नाही, त्याने सहाणेवर उगाळलेल्या खोडाचा ओला वास आठवावा. जाई, चाफा आणि बेलपत्र तर आपल्या ओळखीचेच आहेत. दुसऱ्या श्लोकात रत्नजडित सुवर्णपात्रातील तूप व पायस, पाच प्रकारचे भक्ष्य, दूध-दही, केळी, पानक, भाज्या, कापराने सुवासिक केलेले पाणी आणि विडा असा नैवेद्य येतो. पानक म्हणजे आपले पन्हे; ते ओतताना आंबटगोड वास आला, तर कल्पना साधली असे समजावे. दासबोधातील अर्चनभक्तीच्या समासातही, आपल्याला जे जे हवेसे वाटते ते ते कल्पून देवाला वाहावे, असेच समर्थ सांगतात. तेव्हा येथे कंजूषपणाला कारण नाही.

तिसऱ्या श्लोकातील छत्र, चामरे, वाद्ये आणि साष्टांग नमस्कार झाल्यावर चौथ्याशी मात्र अधिक वेळ थांबावे. तेथे अर्पण करण्याच्या वस्तू संपतात : आत्मा शिव, बुद्धी गिरिजा, प्राण सेवक, देह घर, झोप समाधी, चालणे प्रदक्षिणा आणि बोलणे स्तोत्र होते. या श्लोकात चित्र शोधू नये. स्वतःच्या श्वासाकडे आणि बसलेल्या देहाकडे लक्ष द्यावे.

पाचवा श्लोक क्षमायाचनेचा आहे आणि तेथे वृत्तही बदलून १५ अक्षरांची मालिनी येते, त्यामुळे चाल आपोआप वेगळी होते. मध्येच मन भरकटले तर पूजा मोडली असे मानून पुन्हा पहिल्यापासून आरंभ करू नये. ज्या चरणावर चित्र पुसट झाले, त्याच चरणाच्या पहिल्या शब्दावर परत यावे आणि तो उपचार पुन्हा अर्पण करावा.